मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली

"भाऊजी, तुमच्यामुळे मार्क गेले हो तिचे," असं समोरच्या वहिनी परवा पार्किंगमध्ये, वॉचमन आणि इस्त्रीवाल्याच्या साक्षीने म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. राग असता तर भांडता तरी आलं असतं. तिथे कीव होती. एवढा कंपनीत आहे, आणि फर्स्ट इयरचा प्रोग्रॅम जमला नाही बिचाऱ्याला.

प्रोग्रॅम कसला, तर सीझर सायफर. मजकुरातलं प्रत्येक अक्षर ठरावीक घरं पुढे सरकवायचं, झेड संपला की पुन्हा एपासून सुरू. ज्युलियस सीझर तीन घरं सरकवायचा, एच्या जागी डी लिहायचा, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियसने नोंदवून ठेवलंय. सी भाषेत दहा-बारा ओळींचं काम. वहिनींच्या पोरीने जर्नलमधून उतरवला, मोबाइलमधल्या कंपायलरवर (म्हणजे प्रोग्रॅम चालवून देणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालला, कॉलेजसाठी घेतलेल्या टर्बो सी या जुन्या कंपायलरवरही चालतो का ते बघायचं, एवढंच काम होतं. पाच मिनिटांत उठलो असतो. पण त्या घरात अण्णा आहेत.

अण्णा म्हणजे वहिनींचे सासरे. तार खात्यातून निवृत्त. सरकारने जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद केली, ती अण्णांनी अजून मान्य केलेली नाही. गुप्त लिपीचा विषय निघालाय म्हटल्यावर त्यांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची ओढून माझ्या कोपराला लागून बसले.

"आकडा किती?"

"तीन, आजोबा. सरांनी तीनच दिलाय."

"तीन तिगाडा, काम बिगाडा. सात घे. आणि मजकूर मी सांगतो. लिही, मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली."

"अहो काका, नुसतं हॅलो टाकलं तरी..."

"हॅलो? हॅलोची तार कोण करतं?"

टाकलं. पडद्यावर आलं टी व्ही ए ओ एल वाय. बस. पुढे काही नाही.

"आई पोचली," अण्णा म्हणाले. "तिला झालं काय, ते वाटेत गळलं."

मी समजावलं, की स्कॅनएफ नावाचा प्रकार मोकळी जागा दिसली की थांबतो, त्यामुळे त्याने पहिलाच शब्द वाचला. अण्णांनी सुनेकडे बघून मान हलवली. अर्धी तार देणाऱ्या माणसाला त्यांच्या खात्यात काय झालं असतं, ते त्या मानेत होतं. मी स्कॅनएफ काढून एफगेट्स घातलं. (जर्नलमध्ये एक जुना गेट्सही होता. तो किती अक्षरं येतायत हे मोजतच नाही. इतका धोक्याचा, की २०११ च्या सीच्या प्रमाणकातून त्याला हाकलून दिलं. जर्नलातून कोण हाकलणार?)

आता पूर्ण ओळ आली. पण मोकळ्या जागाही सात घरं सरकून त्यांचे अ‍ॅपॉस्ट्रॉफी झाले होते, आणि सगळा मजकूर एकमेकांना चिकटून बसला होता.

अण्णा एकदम खवळले. "हा एक शब्द झाला! चार शब्दांची तार एका शब्दाच्या पैशांत? असे शब्द जोडून आणणारे महाभाग मी जन्मभर खिडकीवरून परत पाठवलेत."

"काका, इथे पैसे नाहीत."

"म्हणूनच बुडालं खातं."

पोरगी म्हणाली, उलटा करून बघू या. उलटा केला. आलं मदर, कोलन, सीरियस, कोलन, स्टार्ट, कोलन, इमिजिएटली, आणि शेवटी डॉलरची खूण. कारण अगदी सरळ होतं. संगणकात प्रत्येक अक्षराला, खुणेला एक आकडा असतो. एन्टर दाबल्याची खूणही मजकुरात धरली गेली, तिचा आकडा दहा, दहाची सतरा झाली, परत येताना सतरातून सात गेले, दहा हे ए पेक्षा लहान म्हणून प्रोग्रॅमने त्यात सव्वीस घातले, आणि छत्तीस म्हणजे डॉलर. मी हे सांगत होतो, पण ऐकायला कोणी नव्हतं.

"मुलगा अमेरिकेत आहे," अण्णांनी निदान केलं. "आई आजारी, ताबडतोब निघ, येताना डॉलर आण. बरोबर आहे तार. कशाला हात लावतोस?"

मी हात लावला. ए ते झेडच्या बाहेरचं काहीही सरकवायचं नाही, अशी अट घातली. कोलन गेले, डॉलर गेला, आणि इमिजिएटलीच्या शेवटच्या वायच्या जागी शेपूट फुटलेला सी येऊन बसला. उलटा केला तरी तो हलेना.

"मघाशी नीट येत होतं," वहिनी आतून म्हणाल्या.

येत होतं, हे खरंच. त्याचं कारण मी आजही कोणालाही सांगायला तयार आहे. कॅरेक्टर या प्रकारात टर्बो सी १२७ पर्यंतच आकडा धरतो. वाय म्हणजे १२१, त्यात सात मिळवले की १२८, तो मावत नाही, म्हणून त्याचा उणे १२८ होतो. उणे १२८ हा झेडपेक्षा मोठा नाही, मग सव्वीस वजा करायची अट लागूच होत नाही. आधी परत येताना तोच घोटाळा उलट्या दिशेने घडून वाय जागेवर येत होता. मी अट घातली आणि ती वाट बंद झाली. मोबाइलवर ही भानगडच नाही, तिथे बहुधा कॅरेक्टर २५५ पर्यंत जातं. सरांचा आकडा तीन, झेडमध्ये तीन मिळवून १२५ होतात, त्यामुळे वर्गातही कधी बिघडलं नाही. अण्णांनी सात सांगितला म्हणून हे भूत निघालं.

अण्णांचं म्हणणं वेगळंच. "गुप्त आहे ना? मग वाचता येत नाही हेच पाहिजे. तो शेपटीवाला तर कोणालाच कळणार नाही. उत्तम."

यावर काय बोलणार? प्रोग्रॅमचं कामच मुळी अगम्य लिहिण्याचं, मग तो चुकला हे सिद्ध कसं करायचं? आणि इतिहास त्यांच्याच बाजूने. सीझरचा वारस ऑगस्टस एकच घर सरकवायचा, आणि शेवटच्या अक्षराशी, एक्सपाशी आला की पुन्हा एवर जाण्याऐवजी सरळ दोन ए लिहून मोकळा व्हायचा. स्वेटोनियसच सांगतो. वळसा घालायला रोमच्या सम्राटालाही जमलं नाही, किंवा कंटाळा आला. त्याचे मार्क कोणी कापल्याची नोंद नाही.

मी पूर्णांक वापरले, सव्वीसने भागून बाकी घेतली, उणे बाकीची सोय केली. प्रोग्रॅमची सुरुवात व्हॉइड मेनने होती, ती काढून प्रमाणकाप्रमाणे इंट मेन लिहिलं. बटण दाबेपर्यंत उत्तर पडद्यावर थांबवून ठेवणारा शेवटचा गेटसीएचही उडवला. कुठलाही आकडा, कुठलाही मजकूर, मोबाइल असो की टर्बो सी, चोख.

प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल आले. त्यांनी हॅलो टाकलं, आकडा तीन. गेटसीएच नसल्यामुळे उत्तर क्षणभर चमकलं आणि परत निळा पडदा. "आउटपुटच येत नाही," सर म्हणाले. अहो, आल्ट दाबून एफ-फाइव्ह दाबा की! उत्तर तिथेच बसलेलं असतं. सरांनी दाबलं नाही. पोरीला माहीत नव्हतं, कारण वर्गात प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटी गेटसीएच घालायचाच असतो, का ते विचारायचं नसतं. वर शेरा मारला, "जर्नलशी जुळत नाही." १९९० च्या आसपासचं सॉफ्टवेअर जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये कोंबून, प्रमाणकात कधीच नसलेलं व्हॉइड मेन पाठ करून घ्यायचं, आणि ते पुसून घ्यायला नंतर कंपनीने महिनोन्‌महिने ट्रेनिंग द्यायचं. ते ट्रेनिंग देणाऱ्यांत मीही असतो, म्हणून जास्त झोंबतं. फ्लोचार्टला मात्र पैकीच्या पैकी मिळाले. तो अण्णांनी काढला होता, पट्टी लावून, आणि त्यात मोकळ्या जागेचा, वायचा कसलाच विचार नाही.

काल रात्री वहिनींचा मेसेज आला. "भाऊजी, आता मॅट्रिक्सचा गुणाकार आहे. वेळ असेल तर येऊन बसा तिच्याजवळ. दुरुस्त मात्र काही करू नका."