शिकवण्याची शिदोरी दोन्हीकडे आहे

शालेय शिक्षक आणि प्रौढ साक्षरता वर्गाचे शिक्षक यांच्या संयुक्त प्रशिक्षणावरचा लेख वाचला. ‘अनुभवी शालेय शिक्षकांनी प्रौढ साक्षरता वर्गाच्या शिक्षकांना तयार करावे’, हे त्यातले वाक्य मला अजिबात पटले नाही. मी प्रौढांना शिकवते. वाचायची वेळ आली की आमच्या वर्गात शिकायला येणाऱ्या बाई म्हणतात, “चष्मा घरी राहिला.” चौथीतला मुलगा म्हणतो, “पुस्तक विसरलो.” दोघांनाही वाचता येत नाही आणि दोघेही तेच लपवतात. ही लाज ओळखून, चारचौघांत न उघडी पाडता शिकवणे आम्हाला रोजच करावे लागते. शाळेतल्या शिक्षकांना ते नको का? शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे यांनी 1963 मध्ये ब्राझीलमधल्या आंजिकोस इथे प्रौढांना त्यांच्याच रोजच्या शब्दांपासून वाचायला शिकवले. ती पद्धत शाळेतही उपयोगाची आहे.

उलट, अक्षरगट कोणत्या क्रमाने घ्यावेत, जोडाक्षरात मूल नेमके कुठे अडते, हे शालेय शिक्षकांकडून शिकायला मला मनापासून आवडेल. मग एकमेकांचे वर्ग पाहण्यापासूनच सुरुवात करा ना! आणि कृपा करून प्रशिक्षण भरदुपारी ठेवू नका. आमच्यातले बरेचजण दिवसा नोकरी करून संध्याकाळी शिकवतात.