३१ मतं मिळवून हरलेल्या उमेदवाराबद्दल

एप्रिल २०२५ मध्ये मदुराईला मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचं (माकप) चोविसावं अधिवेशन झालं. शेवटच्या दिवशी, ६ तारखेला, केंद्रीय कमिटी निवडायची होती. मावळत्या कमिटीने ठरवलेली नावं सभागृहापुढे ठेवली आणि नाशिकचे डॉ. डी. एल. कराड यांनी आपण उभे राहतो असं सांगितलं. कराड म्हणजे सिटू या माकपशी जोडलेल्या कामगार संघटनेचे महाराष्ट्राचे अध्यक्ष, कामगारांमध्ये आयुष्य घालवलेला माणूस. गुप्त मतदान झालं. कराडांना ३१ मतं पडली आणि ते हरले. अधिकृत यादी निवडून आली, नव्या कमिटीने एम. ए. बेबी यांना सरचिटणीस केलं, अधिवेशन संपलं.

बहुतेक बातम्यांमध्ये बेबींचं नाव मथळ्यात आणि कराड शेवटच्या परिच्छेदात होते. मला मात्र त्या पाच दिवसांतली सर्वांत मोलाची गोष्ट कराडांचं उभं राहणं आणि ते मतदान हीच वाटते. मी त्या पक्षाचा सदस्य नाही, कुठल्याच पक्षाचा नाही. पण मी ठाण्यात राहतो, आणि पक्षाच्या आत मतदान झालं नाही तर पुढे काय होतं हे आमच्याइतकं जवळून क्वचितच कुणी पाहिलं असेल.

आधी त्या अधिवेशनाची पद्धत सांगतो, कारण आपल्याकडे अधिवेशन म्हटलं की मोठा मंडप, कटआउट आणि नेत्याचं भाषण एवढंच डोळ्यांपुढे येतं. माकपमध्ये दर तीन वर्षांनी अधिवेशन होतं. त्याच्या दोन महिने आधी राजकीय ठरावाचा मसुदा जाहीर करतात आणि त्यावर खालच्या शाखेतल्या सदस्यालाही दुरुस्ती पाठवता येते. शाखा, तालुका, जिल्हा, राज्य अशी अधिवेशनं होत होत प्रतिनिधी निवडले जातात. डहाणू-तलासरी पट्टा २०१४ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होता. गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी १९४५ मध्ये वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं तो हा पट्टा. तिथला एखादा शेतमजूर सदस्य दिल्लीत लिहिलेल्या ठरावातलं वाक्य बदला असं लेखी कळवू शकतो. ते बदलेलच असं नाही, पण त्याचा कागद वर जातो. आपल्या राजकारणात ही साधी गोष्ट नाही.

आणि आता ठाणे.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली तेव्हा इथल्या शाखांमध्ये जे चाललं होतं ते आठवा. वीस-पंचवीस वर्षं एकाच शाखेत बसणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. शाखा कोणाची, फलक कोणाचा, आतला फोटो कोणाचा यावर भांडणं झाली. नौपाड्यातला माझा एक मित्र, अनेक वर्षं गटप्रमुख म्हणून राबलेला, तेव्हा मला म्हणाला, "अरे, आम्हाला कुणी विचारलंच नाही. ना याने, ना त्याने." मतदारयादी घेऊन दारोदार फिरणारा तो, मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आधी बूथवर हजर असणारा तो. पक्षाचा प्रमुख कोण हे ठरवताना मात्र त्याला मत नाही. गटप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख, जिल्हाप्रमुख, सगळ्या नेमणुका वरून खाली येणाऱ्या.

मग १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाचा निकाल आला. नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला मिळाले. त्या निकालाच्या बाजूने आणि विरुद्ध लोक खूप बोलले. मला इथे त्यातला एकच भाग महत्त्वाचा वाटतो. आयोगाने पक्षाची घटना तपासली. २०१८ मधली दुरुस्त घटना आपल्याकडे दाखलच नाही, आणि निवडणूक न घेता पदाधिकारी नेमण्याची पद्धत लोकशाहीला धरून नाही, असं आयोग म्हणाला. संघटनेत बहुमत कोणाचं याचं भरवशाचं मोजमाप उरलं नाही. म्हणून मोजले गेले ते आमदार आणि खासदार. पुढच्या वर्षी, ६ फेब्रुवारी २०२४ ला, राष्ट्रवादी काँग्रेसच्या वादातही विधिमंडळातलं बळच निर्णायक ठरलं.

याचा अर्थ नीट समजून घ्या. लाखो कार्यकर्त्यांच्या पक्षात मालक ठरवताना त्या लाखोंची गणतीच झाली नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत रीतसर मतदान होऊन पदाधिकारी निवडले गेले असते, तर कुठल्याही बाजूला हे आमचे निवडून आलेले लोक असं म्हणून उभं राहता आलं असतं. तो कागदच कुणाजवळ नव्हता. माझ्या मित्राची सगळी वर्षं त्या निकालात कुठेही बसत नव्हती. मला याचं आजही वाईट वाटतं, आणि त्याने कोणत्या गटात जावं याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

काँग्रेसचं उदाहरण वेगळं आहे. तिथे १७ ऑक्टोबर २०२२ ला अध्यक्षपदासाठी खरंच मतदान झालं. मल्लिकार्जुन खरगे यांना ७,८९७ मतं, शशी थरूर यांना १,०७२. इथले प्रतिनिधी दादरच्या टिळक भवनात मत देऊन आले. सन २००० मध्ये जितेंद्र प्रसाद सोनिया गांधींविरुद्ध उभे राहिले होते तेव्हा त्यांना ९४ मतं होती, त्या मानाने थरूरांची हजारावर मतं ही मोठी गोष्ट. पण मतदानाआधी थरूर, मनीष तिवारी वगैरे मंडळी मतदारयादी जाहीर करा म्हणत होती, आणि ती सगळ्यांसाठी खुली झाली नाही. जी निवडणूक लढवायची तिचे मतदार कोण हे इतरांना माहीत नसावं, याला मी पूर्ण निवडणूक म्हणणार नाही. त्यानंतर चार महिन्यांनी रायपूरच्या अधिवेशनात कार्य समितीची, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च कार्यकारिणीची, निवडणूक घ्यायचीच नाही असं ठरलं. ती नेमायचे अधिकार अध्यक्षांना दिले. खरगे मतं मिळवून आले आणि त्यांच्याभोवतीची समिती नेमणुकीने आली. कार्य समितीची शेवटची निवडणूक १९९७ मध्ये कलकत्त्याला झाली होती.

भाजपमध्ये अर्ज भरण्याची, तारखांची, निवडणूक अधिकाऱ्याची सगळी शिस्त असते, आणि शेवटी अर्ज एकच येतो. १ जुलै २०२५ ला डोंबिवलीचे रवींद्र चव्हाण प्रदेशाध्यक्ष झाले तेही बिनविरोध. आमच्या जिल्ह्यातला माणूस राज्याच्या पक्षाचा प्रमुख झाला याचा इथे आनंद झाला, तो व्हायलाच हवा. पण दोन नावं समोर आली असती तर कार्यकर्त्यांनी दोघांना काही विचारलं असतं. पालिकेत तिकीटवाटप कसं करणार, बाहेरून आलेल्याला आणि घरातल्याला कसं तोलणार, हे प्रश्न जाहीरपणे विचारायची संधीच येत नाही.

"मतदान झालं की गट पडतात" हे मी सगळ्या पक्षांच्या लोकांकडून ऐकलंय, माकपवाल्यांकडूनसुद्धा. मला हे पटत नाही. आमच्या डोळ्यांसमोर जे पक्ष फुटले त्यांत मतदान झालेलंच नव्हतं. गट आधीपासून असतात. मतपेटी नसली की ते हॉटेलात जमतात आणि सुरतेला जातात.

म्हणूनच माकपलाही माझं सांगणं आहे. मावळत्या कमिटीनेच पुढच्या कमिटीची यादी करायची आणि तिच्याविरुद्ध उभं राहणं जवळपास शिस्तभंगासारखं मानायचं, ही पद्धत त्या पक्षाच्या बाकीच्या चांगल्या कामकाजाला शोभत नाही. सरचिटणीसपदासाठी अशोक ढवळे यांचं नाव चर्चेत असल्याच्या बातम्या होत्या. किसान सभेचे अध्यक्ष ढवळे २०१८ च्या लाँग मार्चमध्ये नाशिकहून याच ठाण्यातून चालत मुंबईला गेले. बेबी आणि ढवळे यांची पक्षाच्या वाटचालीबद्दल वेगळी मतं असतील तर ती आठशेच्या आसपास प्रतिनिधींना दोघांच्या तोंडून ऐकायला मिळायला हवी होती. पंचाहत्तरीची वयोमर्यादा त्यांनी पाळली. प्रकाश करात, वृंदा करात, माणिक सरकार पॉलिट ब्युरोतून, म्हणजे पक्षाच्या सर्वांत वरच्या समितीतून, बाहेर पडले, आणि तेव्हा केरळचे मुख्यमंत्री असलेले पिनराई विजयन यांना सूट मिळाली. ती सूट योग्य की अयोग्य यावरही उघड मतदान चाललं असतं.

कराडांना मत देणारे ते ३१ जण कोण हे कुणालाच कळणार नाही, आणि तेच बरोबर आहे. ते परत आपापल्या जिल्ह्यात गेले, त्याच पक्षाचं काम करू लागले. हरलेल्या उमेदवाराने पक्ष सोडला नाही, जिंकलेल्यांनी तो मोडला नाही.

शिवसेनेच्या त्या निकालपत्रात आयोगाने सगळ्याच पक्षांना एक सल्ला दिलाय: तुमची घटना, पदाधिकाऱ्यांची यादी आणि अंतर्गत निवडणुकांची माहिती वेबसाइटवर ठेवा. माझ्या यादीत जे पक्षाचं काम करणारे मित्र आहात, मग पक्ष कोणताही असो, त्यांना विनंती आहे. आज रात्री आपल्या पक्षाची वेबसाइट उघडा, घटना शोधा, आणि तुमच्या शाखेला नेतृत्व निवडताना मत आहे की नाही ते कलम इथे खाली लिहा. कलम सापडलं नाही तर तेही लिहा.