कांद्याचा वायू ओलं फडकं शोधत येत नाही

गेले काही दिवस एक मेसेज माझ्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय: माहेरच्या, सोसायटीच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या. त्यात म्हटलंय की कांद्यात अ‍ॅसिड भरलेलं असतं आणि चिरताना ते जवळात जवळचं पाणी शोधतं. म्हणून शेजारी ओलं फडकं ठेवायचं, म्हणजे अ‍ॅसिड डोळ्यांऐवजी फडक्यात शिरतं. शिवाय तोंडात पावाचा तुकडा धरा, कांदा आधी फ्रीजरमध्ये ठेवा, बुडखा कापू नका. जो कांदा रडवत नाही तो केमिकलचा समजा. आणि शेवटी: डोळ्यांत पाणी आलंच तर चांगलं, डोळे आतून स्वच्छ होतात, कांद्याचा रस मधातून डोळ्यांत घातला तर चष्म्याचा नंबर उतरतो, मोतीबिंदू विरघळतो.

आमचं डब्यांचं काम आहे. रोज 12-15 किलो कांदा चिरला जातो. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलंय, पण लिहायला बसले ती त्यामुळे नाही. आमच्याकडे चिरायला येणाऱ्या मावशींनी या मेसेजची शेवटची ओळ खरी मानली, म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे, कांद्यात अ‍ॅसिड भरून ठेवलेलं नसतं. अख्खा कांदा डोळ्यांपुढे कितीही वेळ धरा, काही होत नाही. कांद्याच्या पेशीत गंधक असलेलं एक संयुग एकीकडे असतं आणि अ‍ॅलिनेज नावाचं विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवून आणणारं प्रथिन) दुसरीकडे, एका पिशवीत वेगळं कोंडलेलं. पातं फिरलं की पेशी फुटते, दोघांची गाठ पडते आणि त्यातून एक अल्पजीवी पदार्थ तयार होतो. त्यावर दुसरं एक विकर काम करतं आणि मग तो झोंबणारा वायू बनतो. सिन-प्रोपेनथायाल-एस-ऑक्साइड हे त्याचं नाव. हा शेवटचा टप्पा आपोआप घडतो असाच समज होता. 2002 मध्ये जपानच्या हाउस फूड्स कंपनीतल्या संशोधकांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं की त्यासाठी वेगळं विकर लागतं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला जो इग नोबेल देतात, तो त्यांना 2013 मध्ये मिळाला. लसणातही गंधकाची संयुगं असतात, अ‍ॅलिनेज असतं, पण हा शेवटचा टप्पा नसतो. म्हणून गड्डीच्या गड्डी लसूण ठेचला तरी कांद्यासारखं रडू येत नाही.

याचा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच आहे. वाटणासाठी कांदा सालासकट गॅसवर किंवा निखाऱ्यावर काळा होईस्तोवर भाजतो. आतपर्यंत मऊ झालेला तो कांदा नंतर चिरा, ठेचा, डोळ्यांना काही होत नाही. उष्णतेने विकरं निकामी झालेली असतात. अ‍ॅसिड आधीपासून भरलेलं असतं तर भाजलेला कांदाही थोडाफार झोंबला असता.

आता फडक्याकडे येऊ, कारण हाच दावा सगळ्यात जास्त पसरलाय आणि ऐकायला शास्त्रीय वाटतो. वायूला पाण्याचा वास लागत नाही. तो हवेत सगळीकडे पसरतो, हवा नेईल तिकडे जातो. हा वायू पाण्यात विरतो हे खरं आहे. पण विरतो म्हणजे जो कण फडक्याला जाऊन टेकला तेवढाच. उरलेला वर येतो, कारण आपण त्याच्यावर वाकलेले असतो आणि आपल्या अंगाच्या उबेने हवाही वरच चढत असते. वीतभर फडकं एका कडेला पडलेलं, आणि चेहरा बरोबर कांद्याच्या वर. मी आठवडाभर फडकं ठेवून पाहिलं. आमच्या ओट्यावर काडीचाही फरक पडला नाही.

वायू एकटाच वर येतो असंही नाही. 2025 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक छोटं यंत्र करून कांदे कापले आणि वेगवान कॅमेऱ्याने ते टिपलं. त्यांना दिसलं की पातं बोथट असलं की वरचा पापुद्रा आधी दबतो, वाकतो, आत दाब साठतो; आणि मग तो फाटतो तेव्हा रसाचे बारीक तुषार जोरात उडतात. धार चांगली असेल आणि हात सावकाश असेल तर तुषार कमी उडतात.

हे वाचल्यावर मला आजीची विळी आठवली. धार लावणारा गल्लीत आला की ती हातातलं काम टाकून विळी घेऊन बाहेर पडायची. बोथट विळीवर कांदा चिरला जात नाही, चेंगरतो, असं ती म्हणायची. मात्र विळीवर बसलं की चेहरा पात्याच्या थेट वर येतो, ही तिची अडचण आहेच. किसणीवर कांदा किसताना किंवा मिक्सरचं झाकण उघडताना जो भपकारा येतो, त्याचं कारणही तेच: जितक्या पेशी फुटतील तितका वायू.

पावाच्या तुकड्यावर फार लिहिण्यासारखं नाही. वायू डोळ्यांपर्यंत हवेतून थेट येतो, तोंडातून जात नाही. काडेपेटीची काडी दातात धरणं, चमचा धरणं, घोटभर पाणी तोंडात ठेवणं, सगळ्यांचं उत्तर हेच. काही जण शेजारी मेणबत्ती लावायला सांगतात. पदर किंवा ओढणी असलेल्या बाईने वाकून काम करताना शेजारी उघडी ज्योत ठेवू नये, एवढंच मी सांगेन.

फ्रीजरचा सल्ला अर्धा खरा वाटावा असा आहे. थंडीत विकर मंदावतं, वायूही कमी उडतो, हे बरोबर. पण कॉर्नेलच्या त्याच प्रयोगात गार केलेल्या कांद्यातून उलट जास्त तुषार उडाले. आणि फ्रीजरमध्ये विसरलेला कांदा गोठला तर पेशी आधीच फुटतात, बाहेर काढल्यावर तो पाणचट होतो. कोशिंबिरीला असा कांदा मी तरी घालणार नाही. सोलून दोन फाका करून दहा मिनिटं पाण्यात ठेवणं त्यापेक्षा बरं, फक्त ओला कांदा सुरीखाली निसटतो, बोटं सांभाळा.

बुडख्याबाबत मेसेजचं थोडं मान्य करावं लागेल. कांद्याचा तिखटपणा बाहेरच्या पाकळ्यांपेक्षा आतल्या पाकळ्यांत आणि शेंड्यापेक्षा बुडाकडे जास्त असतो. बुडखा शेवटी कापला तर तो भाग उशिरा उघडतो, शिवाय पाकळ्या एकत्र राहून चिरणं सोपं जातं. पण ‘बुडख्यात अ‍ॅसिडची गाठ असते, ती शाबूत ठेवली की रडू येत नाही’ हे खोटं आहे. वायू प्रत्येक पाकळीत तयार होतो.

‘रडवत नाही तो कांदा केमिकलचा’ हे वाक्य मात्र मला लागलं, कारण त्यात शेतकऱ्यावर आळ आहे. अलिबागचा पांढरा कांदा घ्या. वेणीसारख्या माळा विणून विकतात, चवीला गोडसर, चिरताना फारसा त्रास नाही. त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा गोडवा तिथल्या मातीचा आणि जपून ठेवलेल्या बियाण्याचा आहे. कांद्यातला झोंबरेपणा गंधकावर अवलंबून असतो, आणि गंधक जमिनीतून व खतातून येतं. अमेरिकेत जॉर्जियामधला विडेलिया कांदा गोड लागतो तो तिथल्या जमिनीत गंधक कमी असल्यामुळे. आपला उन्हाळ कांदा घट्ट, चाळीत महिनोन्‌महिने टिकणारा आणि तिखट असतो. जात, जमीन आणि हंगाम यांतून हा फरक येतो. यात भेसळ कुठेही नाही.

आता मावशींचं. त्यांना एका डोळ्याने धूसर दिसायचं, मोतीबिंदू असेल असं त्यांच्या सुनेला वाटत होतं. मेसेज वाचून त्यांनी रात्री कांद्याचा रस आणि मध डोळ्यांत घातला. सकाळी डोळा उघडत नव्हता, लाल, सुजलेला, उजेड सहन होईना. डॉक्टरांनी डोळा धुतला, थेंब दिले, आठ दिवस काम बंद. आठ दिवसांची मजुरी मी दिली, पण भीती त्यांनी सोसली.

म्हणून हे नीट वाचा. डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, मज्जातंतूंनी गच्च भरलेला असतो. वायू तिथे टेकला की मेंदूला धोक्याचा इशारा जातो आणि अश्रुग्रंथी पाणी सोडते. ते पाणी आलेला वायू धुऊन काढण्यापुरतं असतं. त्याने डोळ्यातली कुठली जुनी घाण निघत नाही. चष्म्याचा नंबर ठरतो तो बुब्बुळामागच्या भिंगावर, कॉर्नियाच्या गोलाईवर आणि डोळ्याच्या लांबीवर. यातलं काहीही अश्रूंनी बदलत नाही. मोतीबिंदू म्हणजे डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होणं. डोळ्यावर घातलेला रस तिथलं गढूळपण काढू शकत नाही. त्यावर इलाज एकच, ते भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणं. आणि घरात काढलेला रस निर्जंतुक नसतो, मधही नसतो. कॉर्नियाला जखम होऊन जंतुसंसर्ग झाला तर कायमचं अंधत्व येऊ शकतं.

चिरताना डोळे झोंबले तर कांद्याच्या हाताने चोळू नका. हात साबणाने धुवा, डोळ्यांवर साधं स्वच्छ पाणी मारा, दोन मिनिटं खिडकीत उभ्या राहा. तेवढ्याने थांबतं. तासाभरानेही दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेल्यांना कांदा चिरायला बसवूच नका.

आमच्याकडे आता कांदा मागच्या दाराशी चिरला जातो. टेबलफॅन बाजूने लावलाय, हवा चिरणारीच्या चेहऱ्यावरून नाही तर कांद्यावरून आडवी दाराबाहेर जाते. सुऱ्यांना दर सोमवारी धार लावून घेतो. मावशींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, तोवर त्यांच्याकडे पोळ्यांचं काम दिलंय. तो मेसेज तुमच्याकडे आला असेल तर पुढे पाठवू नका, आणि ज्यांनी पाठवला त्यांना शेवटच्या ओळीबद्दल फोन करून सांगा.