आप्पा, ते ड्रिप नाही, हे ड्रिप

मे महिना, रावेर, दुपारचे दोन. अंगणात पाय ठेवला तर चटका बसेल असं ऊन. ओसरीत कूलरसमोर आमचा भाचा आडवा पडून मोबाइलवर गेम खेळत होता. तोच, ज्यात विमानातून शंभर जण उड्या मारतात आणि शेवटी एक उरतो. एकदम ओरडला, "मामाऽ, ड्रिप बघ, ड्रिप!"

मी मान वळवेपर्यंत झोपाळ्यावर डोळा लागलेले आप्पा ताडकन उठून बसले. "कुठल्या वावरातलं? फुटलं का?"

आमच्या केळीच्या पट्ट्यात ड्रिप म्हणजे ठिबक. लॅटरल म्हणजे ओळीतली बारीक नळी, ड्रिपर, व्हेंचुरी, क्षार साचले की ॲसिड सोडायचं, असं ते जग. फार तर दवाखान्यातलं सलाईन. तिसरा अर्थ आमच्या घरात आजवर आला नव्हता. भाच्याने मोबाइल आजोबांच्या नाकासमोर धरला. "अहो आजोबा, याचे कपडे! याला ड्रिप म्हणतात." स्क्रीनवर एक गडी. पायघोळ काळा कोट, सोनेरी शिंगांचा मुखवटा, पाठीला पंख. आप्पांनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "हा लढायला चाललाय का गोंधळ घालायला?"

इथवर ठीक होतं. पण भाची अकरावीत आहे आणि तिला सगळ्यातलं कळतं. ती आतून म्हणाली, "ह्याला ड्रिप नाही म्हणत. हे नुसतं महाग आहे." झालं! पुढचा तासभर दोघं ड्रिप या शब्दावर भांडत होते. तो म्हणे, अंगावर दुर्मिळ आउटफिट असला म्हणजे ड्रिप. ती म्हणे, कपडे कुठलेही असोत, ते कॅरी करता येणं म्हणजे ड्रिप. मी पंच.

पंचांनी थोडा अभ्यास केला. आजच्या अर्थाचा हा शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हिप-हॉपमधून आला, त्यातही अटलांटाच्या रॅपर मंडळींनी तो गाजवला. स्टाइल एवढी की अंगावरून निथळतेय, अशी ती कल्पना. आपल्याकडेही लावण्य ओसंडून वाहतंच की. गंमत म्हणजे त्याच्या कितीतरी आधी इंग्रजी बोलीत 'ड्रिप' ही शिवी होती. ड्रिप म्हणजे मिळमिळीत, बावळट माणूस. भाच्याच्या पणजोबांच्या काळात एखाद्या गोऱ्या पोराला ड्रिप म्हटलं असतं तर तो हिरमुसला असता. शब्द अशा कोलांट्या मारतातच. 'भयंकर सुंदर' म्हणताना आपल्याला कुठे भीती वाटते?

आणखी एक फाटा भाच्यानेच दाखवला. ड्रॅगन बॉल या जपानी कार्टूनमधला गोकू, एरवी नारिंगी कपड्यांतला, तो फुगीर जॅकेट आणि भलेमोठे बूट घालून उभा. अमंग अस या गेममधल्या त्या बिनहातांच्या घेवड्यालाही असंच सजवलेलं. हे मीम. म्हणजे इथे 'ड्रिप' म्हणायचं ते कौतुकाने की टिंगलीने, हे म्हणणाऱ्याचा चेहरा बघून ठरवायचं. आणि नेटवर चेहरा दिसत नाही. भांडणं होणार नाहीत तर काय!

माझा कौल भाचीच्या बाजूने गेला. कारण सांगतो.

1981 चा डाँकी काँग हा गेम. त्यात एक सुतार होता, तोच पुढे मारिओ झाला. गेम बनवणाऱ्या शिगेरू मियामोतोंनी तो आखला तेव्हा हातात मोजके ठिपके आणि दोन-तीन रंग. एवढ्याशा चेहऱ्यावर तोंड काढता येईना, म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. केस काढणं, उडी मारताना ते हलवणं जिकिरीचं, म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळे दिसावेत म्हणून ती खांद्यावर पट्टे असलेली डांगरी. सगळी अडचण! पण त्या अडचणीतून जो पेहराव निघाला तो चाळीस वर्षं उलटून गेली तरी जगभरातलं पोर ओळखतं. याला मी ड्रिप म्हणतो, आणि यात रुपयाची खरेदी नाही.

किंवा 2007 चा टीम फोर्ट्रेस 2 हा गोळीबाराचा गेम. नऊ पात्रं, आणि नुसती सावली दिसली तरी कोण आहे ते कळावं अशी प्रत्येकाची ठेवण. लांबून ओळखलं नाही तर मेलात. तिथली स्टाइल खेळाच्या कामाची होती. मग 2009 मध्ये त्याच गेममध्ये टोप्या आल्या. पुढे इतक्या आल्या की टोपीखाली कोण आहे हे बघायला थांबावं लागे. त्याआधी, 2006 मध्ये, ऑब्लिव्हियन या गेमने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा लोक हसले होते. आता कोणी हसत नाही. आता घोडा सोडून स्वाराचेच कपडे विकतात.

आता भाच्याच्या बाजूनेही थोडं. मराठीत ड्रिपला शब्द शोधताना आधी मला 'रुबाब' सुचला, मग 'ऐट'. दोन्ही जवळचे. पण खरा जोडीदार निघाला आपला रोजचा 'भारी'. "भारीतली साडी दाखवा" असं आपण दुकानात म्हणतो तेव्हा किंमत बोलत असतो. "काय भारी दिसतेस" म्हणतो तेव्हा किमतीचा संबंध नसतो. शब्द एकच, अर्थ दोन, आणि आपण कधी गोंधळत नाही. या दोन पोरांचं भांडण म्हणजे हे दोन 'भारी' समोरासमोर उभे होते. गेमचं दुकान नेमकं या फटीत बसलंय. पहिला भारी घ्या, म्हणजे दुसरा आपोआप मिळेल, असं ते पोरांना सांगतं. चौदा वर्षांच्या मुलाला हा फरक लगेच कळावा अशी अपेक्षा नाही. चाळिशीतल्या मला गाडी घेताना तरी कुठे कळला होता?

मी भाच्याला फक्त एक विचारलं. या गेममध्ये कॅमेरा मागून असतो. मग खेळताना तुला तुझी पाठच दिसते ना? एवढा शिंगांचा मुखवटा, तो तू बघतोस कधी?

"लॉबीत," तो म्हणाला. लॉबी म्हणजे मॅच सुरू होण्याआधी सगळे जमतात ती जागा. "मॅचमध्ये मी हा घालतच नाही. गवतात चमकतो, लगेच गोळी बसते. तिथे साधा काळा टी-शर्ट."

आई इतका वेळ गहू निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे शालूच की रे. मिरवायचा वेगळा, राबायचं लुगडं वेगळं."

भाचीने टाळी वाजवली. भाच्याला शालू माहीत नव्हता. मग कपाट उघडलं, डांबरगोळ्यांचा वास, जुन्या चादरीत गुंडाळलेला हिरवा शालू बाहेर आला. त्याचा जर काळवंडलाय, घडीवर विरलाय. भाच्याने बोट फिरवून बघितलं, विचारलं, "हा लॉबीत कितीदा घातला?" आई म्हणाली, "चारदा. एकदा तुझ्या आईच्या लग्नात." त्याने फोटो काढून मित्रांच्या ग्रुपवर टाकला. खाली काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. भाची म्हणते स्पेलिंग चुकवलंय.

या सगळ्यात आप्पा कधी उठून गेले ते कळलंच नाही. त्यांच्या डोक्यातून ते काही गेलं नव्हतं. दिवेलागणीला परत आले, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, हातात लॅटरलचा वीतभर तुकडा. खारीने कुरतडलेला.

"म्हटलं होतं ना," भाच्यासमोर तुकडा धरून ते म्हणाले, "फुटलंच होतं."