इनटेकचे पेढे

काल लिफ्टमध्ये ए विंगमधले एक गृहस्थ हसत हसत म्हणाले, "आमचे पेढे राहिलेत हं." आठ दिवसांतले हे सहावे. मी नवीन गाडी घेतलेली नाही. माझी गाडी २०१४ ची आहे, तिच्या डाव्या दारावर बांबूच्या ट्रकने काढलेली रेघ आहे आणि मागच्या सीटच्या फटीत मुलीने बालवाडीत असताना कोंबलेला चिक्कीचा कागद अजून आहे. तरी अर्ध्या सोसायटीने तिचे पेढे खाल्लेत आणि उरलेली अर्धी तगादा लावून आहे.

झालं ते एवढंच, की मी गाडीला इनटेक बसवत होतो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही ते सुखी आहेत, तरी सांगतो. इंजिनाला हवा लागते. ती कंपनीने दिलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यातून, कागदी फिल्टरमधून गाळून आत जाते. हा डबा काढून फेकायचा आणि त्या जागी चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आणि टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर लावायचा. का? माझ्या मामेभावाने लावलाय आणि त्याची गाडी दाबली की घशातून 'हुंऽऽ' करते. माझ्याकडे याहून भारदस्त कारण नाही.

नाना पेठेत एका दुकानात ६८०० रुपये मोजले. "माझ्या गाडीला बसेल ना?" दुकानदार मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "युनिव्हर्सल आहे साहेब." या शब्दाला मी आयुष्यात किती वेळा फसलोय! युनिव्हर्सल सीट कव्हर, युनिव्हर्सल रिमोट, बायकोच्या मिक्सरचं युनिव्हर्सल झाकण. युनिव्हर्सल म्हणजे जे कुठल्याही एका गाडीसाठी बनवलेलं नाही ते. पण दुकानात उभं असताना तो शब्द फार उदार वाटतो.

रविवारी सकाळी आठला पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. डब्याचे तीन बोल्ट काढले, त्यातला एक इंजिनाखालच्या पत्र्यात गडगडत गेला आणि आजतागायत तिथेच आहे. दहा नंबरचा पाना दोनदा हरवला, दोन्ही वेळा माझ्याच हातात सापडला. हवा मोजणारा सेन्सर जुन्या नळीतून काढून नव्या पाइपात बसवला. आता फक्त पाइप इंजिनाच्या तोंडाला रबरी जोड घालून क्लिपने आवळायचा होता. क्लिप काही केल्या तोंडाला तोंड लावेना.

"काय रे, चोकअप झालंय का?"

तिसऱ्या मजल्यावरचे काका. पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त. लेंगा, बनियन, हातात दुधाच्या दोन पिशव्या.

"नाही काका, इनटेक बसवतोय."

"कसला?"

"हवेचा. इंजिन हवा ओढतं ना, त्याचा पाइप."

"ओढतं?" काकांनी दुधाच्या पिशव्या बॅटरीवर ठेवल्या. "म्हणजे पंपच की."

"हो, तसंच काहीसं," मी म्हणालो. इथे चुकलं. त्या क्षणापासून कामाचा ताबा पाटबंधारे खात्याकडे गेला.

"मग ही सक्शन लाइन झाली. नीट ऐक. डिलिव्हरी लाइन गळली तर पाणी बाहेर येतं, दिसतं, माणूस बोंब मारतो. सक्शन गळली तर हवा आत शिरते. ती कुणाला दिसत नाही. पंप नुसता घरघरतो, पाणी उचलत नाही, आणि शेतकरी सबंध उन्हाळा आपल्या आईवरून बोलतो." एवढं बोलून त्यांनी लेंग्याच्या खिशातून मोजपट्टी काढली. दूध आणायला मोजपट्टी घेऊन जाणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"पाइप बाहेरून शहात्तर मिलिमीटर. रबर दोन्हीकडून पाच-पाच. किती झाले?"

"शहाऐंशी."

"क्लिपवर काय कोरलंय ते वाच."

क्लिपच्या पट्टीवर बारीक अक्षरांत '६०-८०' कोरलं होतं. ६८०० रुपयांच्या खोक्यात चार क्लिपा, चारही तेवढ्याच.

"मग वरचे सहा मिलिमीटर तू काय श्रद्धेने आवळणार होतास?"

मला राग आला. काकांचा नाही, त्या दुकानदाराचा. म्हणजे काकांचाही आला, कारण ते बरोबर होते. मी दुकानात परत जायचं म्हणालो. "रविवारी नाना पेठ?" असं म्हणून त्यांनी दोन क्लिपा पूर्ण उघडायला लावल्या, एकीचं शेपूट दुसरीच्या तोंडात घातलं, दुसरीचं पहिलीच्या, आणि दोन्ही स्क्रू आलटून-पालटून फिरवत त्या जोडीने रबर असं आवळलं की त्यावर नख रुतेना.

गाडी चालू केली. इंजिन एकदा वर, एकदा खाली, दम्याच्या पेशंटसारखं.

"गळतंय," काकांनी निदान केलं. "सेन्सर पुढे मोजतोय, मागून कुणीतरी हिशेबाबाहेर आत शिरतंय. आमच्या कालव्याला रात्री असंच व्हायचं."

"साबणाचं पाणी लावू का?"

"ते डिलिव्हरीला. सक्शनला धूर." आणि ते लिफ्टने वर गेले. दूध बॅटरीवरच.

परत आले ते उदबत्त्यांचा पुडा घेऊन. चालू इंजिनाजवळ काहीही पेटतं नेऊ नये, हे मला कळतं आणि तुम्हीही कृपा करून नेऊ नका. पण काकांना अडवायला लागणारं शिक्षण माझ्याकडे नाही. त्यांनी तीन काड्या एकत्र पेटवल्या आणि पाइपाच्या प्रत्येक जोडाभोवती सावकाश, उजवीकडून, गोल गोल फिरवू लागले. धूर सरळ वर जात होता. मी सुटा रबरी जोड दोन्ही तळव्यांत धरून, पुढे वाकून बघत होतो.

आता हे दृश्य दुरून पाहा. उघडं बॉनेट. उदबत्त्या ओवाळणारा वयस्कर गृहस्थ. शेजारी हात जोडलेला मी. बॅटरीवर दूध.

बी विंगमधल्या काकू गणपतीच्या देवळातून परत येत होत्या. त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि नमस्कार केला. "नवीन घेतलीस? काही बोलला नाहीस तो!"

"नाही हो काकू, जुनीच आहे."

"सेकंड हँड का? असू दे रे. आपल्याला नवीच ती." असं म्हणून त्यांनी पिशवीतलं प्रसादाचं जास्वंद काढलं आणि समोर सगळ्यात चकचकीत दिसलं त्यावर, म्हणजे माझ्या उघड्या फिल्टरवर, ठेवलं.

मी काकांकडे आशेने बघितलं. ते एका शब्दाने सगळं मिटवू शकत होते. पण त्यांचं लक्ष पूर्ण धुरात. "थांबा, अजून एक जोड राहिलाय," एवढंच बोलले. काकू भक्तिभावाने थांबल्या. वॉचमन लिंबू आणू का विचारायला आला. तेवढ्यात क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटाच्या, बारक्या नळीपाशी धुराची रेघ किंचित वाकली आणि आत शिरली. "सापडली!" काका ओरडले. काकूंनी पुन्हा हात जोडले.

नळी दाबून बसवली. इंजिन शांत झालं. दोनदा बरोबर निघालेल्या माणसाइतका धोकादायक माणूस नाही, पण ते पुढे.

मी हात धुवायला वर गेलो तर बायको दारात. फोनवर पाच अभिनंदनं आलेली. "कुठली घेतलीस? आणि मला एका शब्दाने?" तिला सगळं समजावून सांगायला पंचवीस मिनिटं लागली. सोसायटीत ७२ फ्लॅट आहेत. कोपऱ्यावरून अर्धा किलो पेढे आणणं स्वस्त पडलं.

दुपारी पेढा खात मी ते वाचलं जे आधी वाचायला हवं होतं. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी उतरते. बॉनेटखालची हवा बाहेरच्यापेक्षा तीस अंशांनी सहज जास्त तापते. कंपनीचा कुरूप डबा बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीमागून थंड हवा घेतो, माझा देखणा फिल्टर इंजिनाशेजारी बसून इंजिनाचीच वाफ ओढतो. खोक्यावर छापलेले जादा घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर, बॉनेटखालीच उन्हाने मरतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीत बेकायदा फेरफारामागे मालकाला ५००० रुपये दंडाची तरतूद झाली. हे दुकानात कुणी सांगत नाही. खोक्यावर अक्षर नाही. उलट एक स्टिकर फुकट मिळतो, काचेवर लावायला, म्हणजे पोलिसाला लांबूनच कळावं. हे सगळं विनोदाने लिहितोय खरा, पण त्या दिवशी हसू येत नव्हतं. पैसे माझे, चूक माझी, आणि खोटं बोलून विकणारा रविवारी आरामात झोपलेला.

आता तिसरी गोष्ट. संध्याकाळी काका पुन्हा खाली आले. पाइपाचं फिल्टरकडचं टोक लोंबत होतं, कारण खोक्यातली युनिव्हर्सल पट्टी माझ्या गाडीतल्या एकाही भोकाशी जुळत नव्हती. "लाइन कधी मोकळी सोडायची नाही," काका म्हणाले. "अँकर करायची." आणि त्यांनी बांधकामाची बाइंडिंग तार आणली, पाइपाला चार वेढे दिले आणि बॅटरीच्या ट्रेला पकडीने पिळून टाकली. पाइप कालव्यासारखा अचल झाला.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, चालताना हलतं, बॉडी हलत नाही, हे मला माहीत होतं. म्हणून त्या दोहोंना ताठ बांधू नये, मध्ये रबर हवं, हेही माहीत होतं. पण सकाळी क्लिपेत मी चूक, गळतीत मी चूक. कुठल्या तोंडाने बोलणार?

सोमवारी, नळ स्टॉपचा चौक, पावणेदहा. सिग्नल हिरवा झाला, क्लच सोडला, इंजिन नेहमीसारखं हललं, पाइप हलला नाही, आणि जोड इंजिनाच्या तोंडातून 'फक्' करून निसटला. गाडी जागच्या जागी मेली. मागे हॉर्नची रांग. एक दुचाकीवाला काचेवर टकटक करून म्हणाला, "काका, स्टार्टर मारा." काका! मला! बॉनेट उघडलं तर फिल्टरच्या जाळीत सुकलेलं जास्वंद अजून अडकलेलं होतं.

जवळच्या मेकॅनिकने तार कापली, रबरी बुश घालून पट्टी मारली, योग्य मापाची एक क्लिप लावली. क्लिपची किंमत चाळीस रुपये. गाडी आता व्यवस्थित चालते. शनिवारी कात्रजच्या घाटात मोकळा रस्ता बघून दाबली, आणि आवाज आला. अगदी मामेभावासारखा, घशातून. माझ्या अंगावर काटा आला. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, कुठली तरी खिडकी उघडी राहिलीय."

काकांना मी नळ स्टॉपचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तार तू नंतर सैल केली असशील." मग पेढा मागितला. त्यांना शुगर आहे, म्हणून दोन अर्धे खाल्ले.

आज सकाळी ते गाडीच्या मागच्या बाजूला उकिडवे बसून सायलेन्सरच्या नळकांड्याला मोजपट्टी लावत होते. मला बघून म्हणाले, "सक्शन झालं. आता डिलिव्हरीचं कधी बघायचं?"