समोर लुका होता हो, लुका!

२०१८चा एनबीए ड्राफ्ट (अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधले संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात, तो) आठवला की आजही डोकं फिरतं. सॅक्रॅमेंटो किंग्ज संघाकडे निवडीचा दुसरा क्रमांक आणि समोर लुका डॉन्चिच. १९ वर्षांचा पोरगा, रेयाल माद्रिदकडून युरोपातली क्लब स्पर्धा युरोलीग जिंकलेला, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू! आणि यांनी घेतला कोण? मार्विन बॅगली. अरे, त्या पोरानं अजून काय सिद्ध करायला हवं होतं?

एकदाच झालं असतं तर गिळलं असतं. २०११मध्ये दहाव्या क्रमांकावर जिमर फ्रेडेट घेतला, अकराव्यावर पुढे स्टार झालेला क्ले थॉम्प्सन गोल्डन स्टेटला गेला. २०१२मध्ये पाचवा थॉमस रॉबिन्सन आणि लगेच सहावा दुसऱ्या संघाकडे गेला तो डेमियन लिलार्ड, तोही पुढे स्टार! रॉबिन्सनला तर पहिला हंगाम संपायच्या आत ह्यूस्टनला धाडलं. मग निवडला कशाला?

२०२०मध्ये बाराव्या क्रमांकावर टायरीस हॅलिबर्टन मिळाला. वाटलं, सुटलो! तर दोन वर्षांत तोही इंडियाना पेसर्सना देऊन टाकला आणि २०२५मध्ये त्यानं पेसर्सना अंतिम फेरीत नेलं. तब्बल १६ हंगाम प्लेऑफविना (हंगामाअखेरच्या बाद फेरीविना) काढले किंग्जच्या चाहत्यांनी. तरी दर जूनमध्ये ड्राफ्टला त्यांनी पुन्हा आशा लावून बसायचं? किती वर्षं?