लिंकचा रंग बदलत नाही म्हणजे पॉवरपॉइंट बिघडलेलं नसतं

शिक्षकांच्या आणि ऑफिसच्या ग्रुपांवर एक सल्ला सतत फिरत असतो. पॉवरपॉइंटमध्ये लिंकचा निळा रंग बदलता येत नाही. क्लिक केल्यावर ती जांभळी झाली तर फाइल करप्ट समजा. ऑफिस काढून पुन्हा टाका, नाहीतर लिंकचा स्क्रीनशॉट चिकटवा. यातलं एकही विधान टिकत नाही, आणि ऐन सादरीकरणाच्या आदल्या रात्री माणसं यापायी हैराण होतात.

‘रंग बदलता येत नाही.’ येतो. फक्त तो ठरतो थीममध्ये, म्हणजे फाइलच्या रंग-फॉन्टच्या ठरलेल्या संचात. प्रत्येक थीममध्ये १२ रंग असतात: चार मजकूर-पार्श्वभूमीचे, सहा अॅक्सेंट, आणि उरलेले दोन खास लिंकसाठी, हायपरलिंक आणि फॉलोड हायपरलिंक (उघडून झालेली लिंक). जुन्या आवृत्त्यांत शब्द निवडून फॉन्ट कलर दिला तरी लिंक ढिम्म हलत नसे, ते यामुळेच. डिझाइन टॅबवर व्हेरिएंट्सचा बाण उघडा, कलर्स, मग कस्टमाइझ कलर्स. शेवटचे दोन रंग बदला आणि सेव्ह करा. २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये एखाद्याच लिंकला थेट फॉन्ट कलरही देता येतो.

‘जांभळी झाली म्हणजे फाइल करप्ट.’ अजिबात नाही. ही लिंक उघडून झाली, एवढंच तो रंग सांगतो. २०१३ पासून कित्येक वर्षं चाललेल्या ऑफिस थीममध्ये लिंक निळी आणि उघडलेली लिंक जांभळट हीच मूळ जोडी होती. बदल नकोच असेल तर दोन्ही जागी एकच रंग द्या. किंवा शब्दांऐवजी अख्ख्या टेक्स्ट बॉक्सला लिंक लावा: बॉक्सच्या कडेवर क्लिक करून बॉक्स निवडा, मग इन्सर्टमधून लिंक. अक्षरांचा रंग तसाच राहतो, अधोरेखाही येत नाही. गडद पार्श्वभूमीच्या स्लाइडवर मला हाच उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो.

‘ऑफिस पुन्हा टाका.’ रंग फाइलमधल्या थीमसोबत साठवलेले असतात. प्रोग्राम कितीदाही टाकला तरी फाइल उघडताच तेच रंग परत येणार. काही स्लाइडवर रंग बदलला आणि काहींवर नाही, असं झालं तर खरं कारण बहुधा वेगळं असतं: दुसऱ्या फाइलमधून ‘कीप सोर्स फॉरमॅटिंग’ने आणलेल्या स्लाइड आपला स्लाइड मास्टर (स्लाइडचं रूप ठरवणारा मूळ साचा) आणि आपली थीम बरोबर घेऊन येतात. त्यांतली एक स्लाइड निवडून रंग पुन्हा बदलावे लागतात. व्ह्यू, स्लाइड मास्टर उघडलंत की किती मास्टर जमलेत ते डावीकडे दिसतं.

स्क्रीनशॉटचा सल्ला तर मला सर्वांत जास्त खटकतो. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, कॉपी होत नाही, आणि पर्यायी मजकूर लिहिला नसेल तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ती लिंक कशाची आहे हे कळतही नाही.